मोरीतली जागा

ओल्या कुत्र्याला येणारा वास पावसाच्या पाण्याचा नसतो. कुत्र्याच्या कातडीवर आणि केसांत जिवाणू व यीस्ट राहतात. त्यांच्यापासून तयार झालेली संयुगे केस कोरडे असेपर्यंत तिथेच चिकटून असतात आणि पाणी लागले की बाष्पाबरोबर हवेत सुटतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये काहीच धड वाळत नाही, त्यामुळे कुत्रे पाळलेल्या घरातून हा वास हटत नाही. घरात दोन कुत्री असली तर वासही दोन येतात आणि रोजच्या सवयीने ते वेगळे ओळखता येतात. परळच्या एका चौदाव्या मजल्यावरच्या घरात थोरली शेवंती भिजली की ओल्या गोणपाटासारखा वास येतो. धाकट्या ढब्बूचा वास त्याहून आंबूस. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात फिरून आल्यावर दोघांना बाथरूममध्ये पुसायला घेतले, तेव्हा त्या बंद जागेत साठलेल्या वासाने घरातल्या बाईंना पन्नास वर्षांपूर्वीची चाळीतली मोरी आठवली.

चाळ परळचीच, तीन मजली, गिरणी कामगारांची. १९७० च्या दशकात तिच्या जिन्याखाली काळू आणि राणी अशी दोन कुत्री असत. शिळ्या भाकरीचा तुकडा एका खोलीतून, बोंबलाची डोकी दुसऱ्या, रविवारी मटणाची हाडे तिसऱ्या, असे त्यांचे पोट भरे. दुसरी पाळी सुटून मध्यरात्री परतणाऱ्यांची पावले त्यांना ठाऊक होती, त्या वेळी ती मानही वर करत नसत. नवखा पाहुणा आला तर मात्र तिन्ही मजले जागे होत. महापालिकेची कुत्र्यांची गाडी सकाळी येई. गाडीवरची माणसे लोखंडी चिमट्याने मान पकडत. ज्याच्या गळ्यात परवान्याचा बिल्ला, तो वाचे. बिल्ल्यासाठी मालकाचे नाव लागे, आणि काळू-राणीला अख्खी चाळ होती, मालक नव्हता. एका पावसाळी सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसताच दुसऱ्या मजल्यावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी राणीला ओढत वर घेऊन आली आणि तिला मोरीत बसवले. मोरी जेमतेम तीन फूट लांब-रुंद, त्यात पाण्याचे पिंप आणि बादली. राणी भिजलेली होती. तिने आवाज करू नये म्हणून मुलीने तिचे तोंड दोन्ही हातांनी मिटून धरले होते. काळूला मोरीत जागा नव्हती. खालून आधी त्याचा आवाज आला, मग गाडीचे दार लागल्याचा.

त्या काळी मुंबईत पकडलेली कुत्री विजेच्या धक्क्याने मारली जात. ही पद्धत नव्वदच्या दशकात थांबली आणि नसबंदी करून कुत्रे पुन्हा त्याच जागी सोडण्याची रीत आली. केंद्र सरकारने तिचे नियम २००१ मध्ये केले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले. मारण्याने कुत्री कमी का होत नव्हती, याचे कारण गल्लीत राहणाऱ्या कुणालाही सांगता येईल. काळू गेला आणि त्याच्या जिन्याखाली थोड्याच दिवसांत दुसरा कुत्रा येऊन बसला. खायला मिळणारी जागा रिकामी राहत नाही.

शहराचे हे भांडण फार जुने आहे. ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या फोर्टमध्ये कुत्र्यांवरून दंगल झाली. कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे ठरवले होते. पैशासाठी पकडणारे लोक घरातली आणि अंगणातली कुत्रीही नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा विधी प्रसिद्ध आहे. त्यांनी पकडणाऱ्यांना अडवले, मारामारी झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, त्यात इतर समाजांचे लोकही उतरले आणि कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. सरकारने सैन्य बोलावून दंगल मोडली. या हकिकतीत विद्वानांना साम्राज्य, धर्म आणि शहरातली सत्ता दिसते. घरात कुत्री असणाऱ्याचे लक्ष मात्र त्या आठ आण्यांवर आणि उचलून नेलेल्या घरच्या कुत्र्यावर खिळून राहते. त्या दिवसांत कुणी तरी कुठल्या तरी खोलीत कुत्र्याचे तोंड मिटून बसले असणारच.

दोन कुत्र्यांच्या घराचा दिवस पहाटे सुरू होतो. मे महिन्यात सातनंतर रस्त्याचे डांबर तापू लागते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंज्यांपुरताच, अंगातली उष्णता तो धापा टाकून घालवतो. म्हणून उन्हाळ्यात फिरणे उजाडायच्या आत उरकावे लागते. शेवंती तेरा वर्षांची आहे. ती दर खांबाशी थांबते, आधी जमिनीलगत हुंगते, मग वीतभर वर, पुन्हा खाली येते, आणि वाचून झाल्याशिवाय हलत नाही. कुत्र्याच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी वीस-तीस कोटींच्या घरात असतात, माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. त्यामुळे तिला ओढून पुढे नेणे हे चालू वाक्य मधेच तोडण्यासारखे आहे. ढब्बू तीन वर्षांचा. त्याला गल्लीच्या टोकापर्यंत एका दमात जायचे असते. दोन पट्टे एकाच हातात धरले की एक खांदा पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. यावर उपाय माणसाने शोधला नाही, कुत्र्यांनीच शोधला: ढब्बू पट्टा ताणला जाईपर्यंत पुढे जातो, वळून शेवंतीकडे पाहतो आणि तिचे हुंगून होईपर्यंत बसून राहतो. हे त्याला कुणी शिकवलेले नाही.

जेवणाच्या वेळी दोघांची भांडी दोन कोपऱ्यांत ठेवावी लागतात. एकमेकांच्या अंगावर झोपणारी कुत्रीही ताटावरून गुरगुरतात. चिकन, भात, उकडलेला भोपळा, चिमूटभर हळद, असे साधे शिजवलेले अन्न मराठी घरांत सर्रास चालते, पण फोडणीचे उरलेले कालवण कधीच घालू नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेटमधले थिओब्रोमीन हृदयाला घातक ठरते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे घरी आलेल्या पाहुण्याने प्रेमाने पुढे केले, तरी हात धरावा लागतो.

पावसाळा हा मुंबईच्या कुत्र्यांचा खरा परीक्षेचा काळ. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून कुत्र्यांना आणि माणसांना सारखाच होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली. रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोची लसही दरवर्षी चुकवायची नाही, आणि गोचीड तर रोज शोधायची: कानाच्या पाळीची आतली बाजू, बोटांमधल्या बेचक्या, शेपटीखाली. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी, पिरगाळू नये. परळमध्ये राहणाऱ्यांना एक सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून इथे आहे, आणि त्याच्या जोडीने मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. ज्या वस्तीत बिल्ल्यावाचून काळू उचलला गेला, त्याच वस्तीत जखमी बैलावरही उपचार होत होते. या शहराने दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालवल्या.

दिवाळीत दोन्ही कुत्री स्वतःहून बाथरूममध्ये जातात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. शिवाय फटाका कुठून आणि केव्हा फुटेल हे त्याला कळत नाही. खिडकी नसलेली, फरशीची, गार अशी जागा तो हुडकून काढतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाई पाट घेऊन तिथेच बसतात. शेवंती बादलीमागे शिरते, ढब्बू तिच्या पाठीला पाठ लावून थरथरतो. दार उघडे ठेवलेले असते. त्यांचे तोंड कुणी धरत नाही. भुंकायचे असेल तर भुंकू द्यायचे, हा या घराचा नियम आहे. बाथरूम बांधून घेताना बाईंनी ते आराखड्यापेक्षा दीड फूट रुंद मागितले होते. त्याचे कारण त्यांनी कंत्राटदाराला सांगितले नाही.

चाळ पाडून टॉवर झाला आणि जिन्याची जागा लिफ्टने घेतली. अनेक इमारतींत लिफ्टबाहेर ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ अशी पाटी असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, तरी पाट्या निघत नाहीत. मागच्या वर्षी याही इमारतीत काही महिने अशी पाटी होती. कुत्र्यांची भीती वाटणारी माणसे आणि लहान मुले असतात, त्यांच्यासाठी पुढची लिफ्ट धरणे, पट्टा आखूड धरणे, तोंडाला जाळी लावणे हे सगळे रास्त आहे आणि ते करायलाच हवे. पण खुब्याच्या सांध्याला सूज असलेल्या तेरा वर्षांच्या कुत्रीला चौदा मजले चढायला लावणे हा नियम नव्हे, तो छळ आहे, आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे. त्या काळात बाईंचा मुलगा शेवंतीला खांद्यावर घेऊन चढत असे. ढब्बू दर मजल्यावर थांबून वर-खाली पाहत राही.

म्हातारी कुत्री घरात असली की धाकट्याचे वागणे बदलते. शेवंतीला आता नीट ऐकू येत नाही. बेल वाजली की ढब्बू आधी तिच्याकडे जातो, नाकाने तिची मान ढोसतो, मग दोघे दाराशी येतात. एक गेल्यावर दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न अशा घरांना टाळता येत नाही. मागे राहिलेला कुत्रा बऱ्याचदा खाणे कमी करतो आणि गेलेल्याच्या झोपायच्या जागी जाऊन हुंगत राहतो. बरेच पशुवैद्य सांगतात की शक्य असेल तर मृत साथीदार त्याला दाखवावा, हुंगू द्यावे. पारशी विधीत कुत्र्याने माणसाकडे शेवटचे पाहायचे असते. इथे कुत्र्याने कुत्र्याकडे. दोन्हींचे हेतू वेगळे, पण ते पाहणे नाकारू नये एवढे खरे.

या इमारतीच्या फाटकाबाहेरही दोन कुत्री आहेत. एकीचा कान टोकाला कापलेला आहे, म्हणजे तिची नसबंदी झालेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो बदलून, रेबीज झालेली वा हिंस्र कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्या दोन आदेशांच्या मधल्या दिवसांत बाई रोज सकाळी गॅलरीतून फाटक पाहत. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवरही आहे. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर हवी. बाईंनी समितीला लेखी पत्र दिले. आता रात्री नऊनंतर, वॉचमनच्या केबिनमागे, दोन भांडी ठेवली जातात. कानकापरीचा परवाना कुणाच्याच नावावर नाही, पण तिच्या लशीची तारीख शेवंती आणि ढब्बूच्या तारखांखाली त्याच वहीत लिहिलेली आहे, तिच्या जोडीदाराचीही. मुसळधार पावसात दोघांना पार्किंगमध्ये येऊ द्यावे, हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवला आहे.