तगरनगरी आणि द्राक्षासव

गेल्या माघात आमचा धाकटा नातू स्पेन देशाहून सुटीवर आला असता त्यास घेऊन तेरला जाण्याचा योग आला. धाराशिवच्या ईशान्येस, तेरणेच्या काठी वसलेले हे गाव गोरोबाकाकांच्या समाधीमुळे आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु हेच प्राचीन तगर होय, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

समाधीचे दर्शन घेऊन, त्रिविक्रमाचे विटांचे पुरातन मंदिर पाहून आम्ही लामतुरे संग्रहालयात शिरलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिव्हाळ्याने जमविलेल्या वस्तूंचा हा ठेवा. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून मी नातवास सांगितले, "हिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात सापडली." पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे अंतर दिले आहे. येथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. भडोचला उतरणाऱ्या मालात द्राक्षमद्य असे व त्यातही इटलीच्या मद्यास अधिक मागणी असे. परतणाऱ्या गाड्यांतून त्याचा एखादा घट तगरासही आला असेल, असा तर्क केल्यास तो अगदीच अनाठायी ठरू नये.

हे ऐकून नातू जरासा अडखळला. मग म्हणाला, "आजोबा, एक सांगायचे राहिले आहे. तिकडे मित्रांबरोबर जेवताना मी कधीकधी द्राक्षमद्य घेतो. घरी सांगण्याचे धैर्य झाले नाही."

आमच्या घरात मद्य सर्वथा वर्ज्य. क्षणभर मन खिन्न झाले. तथापि मुलगा आपण होऊन खरे बोलला होता. तेरणेकाठी सावलीत बसून मी त्यास म्हटले, "आता सर्वच सांग."

त्याने सांगितले ते असे. स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा नावाचा प्रांत आहे. तेथील तांबड्या मद्याचे मुख्य द्राक्ष तेंप्रानियो. ते लवकर पिकते, म्हणून त्या भाषेत 'लवकर' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. 'क्रियांसा' म्हणविणारे तांबडे मद्य निदान दोन वर्षे मुरवावे लागते व त्यांपैकी एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात. तेथील मांसाहारी लोक द्राक्षवेलीच्याच काटक्यांवर कोकराचे मांस भाजून त्यासह ते घेतात. आमचा नातू शाकाहारी, म्हणून त्याच्या ताटात मेंढीच्या दुधाचे मुरलेले चीज, भाजलेल्या तांबड्या गोड मिरच्या आणि लसणीत परतलेली अळिंबी.

"हेच पदार्थ का?" मी विचारले.

"त्या मद्यात तुरटपणा असतो. स्निग्ध पदार्थाबरोबर तो सौम्य लागतो. झणझणीत तिखटाबरोबर मात्र तोंडाची आग वाढते."

मला हसू आले. षड्रसांतील कषाय रस रूक्ष, त्यास स्निग्धाची जोड द्यावी, हे आपल्या वैद्यकास नवे नाही. द्राक्षासव तर आयुर्वेदातले औषध. कौटिल्यानेही द्राक्षरसाच्या मद्याची कापिशायन व हारहूरक अशी देशपरत्वे नावे नोंदविली आहेत. ज्या मातीत जे पिकते, त्यास त्याच मातीतले अन्न मानवते. आमच्या ज्वारीच्या भाकरीस शेंगदाण्याची चटणी आणि तेलाची धार लागते, त्यातलाच हा प्रकार.

मी नातवास इतकेच म्हटले, "बाळ, माहिती मिळविण्यास कोणताच निषेध नाही. सेवनाचा विचार तू सज्ञान आहेस, तू कर. मात्र लपवू नकोस. लपविलेली गोष्ट व्यसन व्हावयास वेळ लागत नाही. आजीस तूच सांग."

सायंकाळी स्वयंपाकघरात त्याने खाली मान घालून सर्व सांगितले. आजी बराच वेळ काही बोलली नाही. चुलीवरची भाकरी तिने उलटली, फुगू दिली, त्याच्या ताटात घातली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. मग विचारले, "आणि तिकडे तुला पोटभर जेव म्हणणारे कोणी आहे का रे?"

त्याने नकारार्थी मान हलविली. तिने दुसरी भाकरी थापावयास घेतली.