पावसाच्या तोंडावर

सर्व्हिसिंगचा हिशेब सरळ: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आमची स्विफ्ट तेवढी धावतच नाही, पण ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं. म्हणून मे महिनाच ठरवून टाकलाय. वायपरचं रबर बोटाला कडक लागतंय, ते बदलायचंच. टायरच्या कडेला चार आकडे असतात. आमच्या टायरवर २३१९, म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी अजून खोल दिसते, म्हणून नवरा कां-कूं करतोय. पण रबराचं वय झालं ते झालंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे तेही यंदा. ‘मॅडम, इंजिन डीकार्बनायझिंग?’ असं काउंटरवर हमखास विचारतील. मॅन्युअलच्या तक्त्यात नाही ते बिलातही नको. केबिन फिल्टर मात्र घरीच, ग्लोव्ह बॉक्स उतरवून. दहा मिनिटांचं तर काम.