ढिले स्क्रू

'या घरातला एकेक स्क्रू ढिला झालाय,' असं आमची ही परवा म्हणाली. म्हणताना तिनं कपाटाच्या लोंबत्या दाराऐवजी माझ्याकडे पाहिलं. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केल्यावर सूचना कुठली आणि ताशेरा कुठला हे माणसाला बरोबर कळतं. मी पेपर तोंडापुढे धरला.

वास्तविक हे खातं अण्णांचं. अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. पिवळ्या मुठीच्या एका पेचकसावर त्यांनी अख्खा संसार घट्ट ठेवला. कुकरची मूठ, खिडकीची बिजागरी, माझ्या सायकलची घंटा, सगळं. मी बी.कॉम. झालो त्या दिवशी 'म्हणजे आता हाताला काम नाही' एवढंच ते म्हणाले होते.

पण गेल्या वर्षी त्यांच्या मनगटानं संप पुकारला. सांधे धरायला लागले. एकदा कुकरची मूठ पिळताना पेचकस हातातून निसटला. अण्णांनी तो मुकाट्यानं उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून घेतला. तेव्हापासून स्क्रू ढिले होत गेले आणि अण्णा गप्प होत गेले.

म्हणून मी बॅटरीवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर आणायचं ठरवलं. पुण्यात असली खरेदी म्हणजे रविवार पेठेतली बोहरी आळी. दुकानात शिरताच एका पिस्तुलासारख्या यंत्रावर मी बोट ठेवलं. अठरा व्होल्ट! हातात घेतलं आणि हात काउंटरवर टेकला.

"साहेब, स्क्रू फिरवायचेत की वाडा पाडायचाय?" दुकानदारानं विचारलं.

मग त्यानं माझी शिकवणीच घेतली. घरातल्या कामाला ३.६ व्होल्टचा पुरतो. वजन तीन-चारशे ग्रॅम. पिळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात; तीन ते पाच असला की पुष्कळ. (न्यूटनशी संबंध तोडण्यासाठीच मी कॉमर्स घेतलं होतं. तो असा बोहरी आळीत गाठेल असं वाटलं नव्हतं.) बॅटरी लिथियमची घ्या, पडून राहिली तरी चार्ज टिकतो. बिट बसवायचं तोंड पाव इंची षटकोनी असू द्या, म्हणजे बिटं कुठंही मिळतात. आणि हो, यानं भिंतीला भोक पडायचं नाही.

"सपाट खाचेच्या स्क्रूवरून टोक घसरतं," तो म्हणाला, "फुलीच्या स्क्रूत आपोआप मधोमध बसतं." हा फुलीचा स्क्रू अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावानं ओळखला जातो, त्याची पेटंटं १९३६ सालची. म्हणजे अण्णांपेक्षाही वडील.

शेवटी दोन यंत्रं उरली. एक जास्त जोराचं, एक जास्त हलकं. हिशेबाच्या दृष्टीनं जोराचं फायद्याचं होतं. मी ते डाव्या हातात धरून उभा राहिलो. मिनिटाभरानं मनगट बोलायला लागलं. माझं हे, तर त्यांचं काय?

"हलकं द्या."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी ठोकून दिलं.

घरी आल्यावर सर्वांसमक्ष मी कपाटाच्या बिजागरीला यंत्र लावलं. घर्रर्र झालं आणि होता तोही स्क्रू बाहेर येऊन कॉटखाली गेला. बटण उलट्या दिशेला होतं. अण्णांसाठी मुद्दाम केलं असं लिहायचा फार मोह होतोय. पण खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आण इकडे, बी.कॉम.!" अण्णा खुर्चीतून उठले.

त्यांनी ते हातात तोललं, बटण दोनदा खालीवर केलं, स्क्रू लावला. घर्रर्र. मग यंत्र थांबवून, तसंच पेचकसासारखं धरून, शेवटचा अर्धा फेरा हातानं दिला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लाकूड किती पिळायचं, ते हाताला कळतं." एवढ्या अर्ध्या फेऱ्याला मनगटानं हरकत घेतली नाही.

संध्याकाळपर्यंत कुकर, खिडकी, देव्हाऱ्याचं दार सगळं घट्ट झालं. कुठला स्क्रू कोणत्या साली बसवला ते सांगत अण्णा घरभर फिरत होते. जेवताना त्यांनी भात मागून घेतला.

ही वाढता वाढता म्हणाली, "अण्णा, आता घरात एकच राहिलाय."

मी पेपर शोधायला लागलो.