फारकतीचा कागद

तालुका विधी सेवा समितीतर्फे विधी स्वयंसेवकांचं प्रशिक्षण असतं. तिथे कौटुंबिक कायद्याचा तास माझ्याकडे येतो. समोर अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या बाया आणि विधी महाविद्यालयातली मुलं-मुली असतात. कायद्यांची यादी फळ्यावर लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, तुमच्या गावात फारकत कशी होते?

गावं वेगळी, उत्तर तेच. दोन्हीकडची चार माणसं बसतात. स्टॅम्प पेपर येतो. मुलीचे दागिने-भांडी परत, थोडी रक्कम हातावर, दोघांच्या सह्या, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. शेवटी एक वाक्य हमखास असतं : ‘यापुढे पोटगी मागणार नाही आणि दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे आहेत.’

माझा तास या कागदावरच उभा आहे, कारण स्वयंसेवकाच्या हातात पहिल्यांदा तोच पडतो.

या कागदाने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न संपतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे; पण तशी रूढी जुनी, निश्चित आणि अखंड चालत आलेली आहे, हे सांगणाऱ्याला पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात असंच चालतं’ एवढं बोलून भागत नाही. नोटरीने विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असं केंद्रीय विधी खात्यानेही २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्यांना मात्र मी इथे थांबवते. अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागूच होत नाही, त्यांच्यात त्यांची रूढी चालते. त्यामुळे समोरचं जोडपं कोण आहे, हे न विचारता ‘तुमची फारकत खोटी’ असं कुणाला सांगू नये.

आता त्या मुलीचं पुढे काय होतं ते बघा. कागदाच्या भरवशावर तिचं दुसरं लग्न लावून देतात. पहिलं लग्न कायद्याने कायम असल्यामुळे हे दुसरं लग्न शून्य ठरतं. संसार चालतो तोवर कुणी विचारत नाही. बिनसलं की दुसरा नवरा पोटगीच्या अर्जाला उत्तर देतो, ही माझी बायकोच नाही. तेलंगणातलं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पहिल्या नवऱ्यापासून ती बाई केवळ करारनाम्याने वेगळी झाली होती आणि ते दुसऱ्याला ठाऊक होतं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तिला दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मंजूर केली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पण तो पोटगीपुरता आहे. नवऱ्याच्या मालमत्तेत पत्नी म्हणून वारसा तिला त्यातून मिळत नाही. मुलांना कलम १६ औरस मानतं, आईच्या हातात मात्र वारसा म्हणून काही उरत नाही.

म्हणून मी स्वयंसेवकांना सांगते, त्या चार माणसांनी घडवलेली तडजोड फेकून देऊ नका, ती न्यायालयात न्या. कलम १३-ब खाली परस्परसंमतीचा अर्ज होतो. दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. दुसऱ्या टप्प्याआधीची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. स्टॅम्प पेपरवर लिहिलेल्या दागिन्यांच्या, पैशांच्या अटी संमतीच्या अटींमध्ये घातल्या की त्या पाळल्या नाहीत तर अंमलबजावणी मागता येते. आणि ‘पोटगी मागणार नाही’ या वाक्याने आईला मुलांचा पोटगीचा हक्क सोडता येत नाही, हे ठासून सांगा.

पोटगीबाबत उशीर करू नका. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. ते सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. म्हणजे अर्ज करायला जितके महिने उशीर होतो, तितक्या महिन्यांची पोटगी बुडते. दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं, हेही त्याच निकालाने घालून दिलं. नवऱ्याच्या शेताचा सातबारा, पगारपत्रक, गाडीचे कागद जमवायला स्वयंसेवकाची खरी मदत होते.

लग्न कोणत्या कायद्याखाली लागलं, हे मात्र आधी विचारायचंच. ख्रिस्ती जोडप्याला १८६९ चा कायदा, पारशांना १९३६ चा, नोंदणी विवाहाला १९५४ चा विशेष विवाह कायदा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे. एवढी ओळख सुरुवातीला पुरे.

मारहाण असेल तिथे मी समेटाचा शब्दही काढू देत नाही. समेटाचा प्रयत्न करणं हे कौटुंबिक न्यायालयाचं काम आहे, त्यासाठी तिथे विवाह समुपदेशक असतात. स्वयंसेवकाने त्या बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे न्यावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. काय घडलं, कधी घडलं, कुणी पाहिलं, हे तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी जपायला सांगा. तिने काय करावं हे तिच्या वतीने ठरवू नका.

कौटुंबिक न्यायालयात वकील देण्याचा हक्क पक्षकाराला आपोआप नसतो, म्हणून बाई अनेकदा एकटीच उभी राहते. अशा वेळी नीट लावलेली कागदांची फाइल तिला फार धीर देते. स्वयंसेवकाने युक्तिवाद करायचा नाही आणि कुणाकडून पैसाही घ्यायचा नाही. वकील हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, तो मोफत मिळतो.

तुमच्या घरात किंवा ओळखीत फारकतीचा असा कागद जपून ठेवलेला असेल, तर दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू करण्याआधी तो तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीला दाखवा. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा.