संध्याकाळची नोंद

अमळनेरात बसून जर्मनीतल्या गोदामांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, याचं आता गावात कुणाला नवल वाटत नाही. 2020 च्या मार्चमध्ये पुण्याहून घरी आले, ती इथेच राहिले. टीममधले काही जण जर्मनीत, काही अमेरिकेतल्या ओहायोत, काही पुण्यात. बहुतेकांची प्रत्यक्ष भेट कधी झालेलीच नाही. प्रोग्रॅमिंग कॉलेजात शिकले. पण न भेटलेल्या माणसाला आपलं म्हणणं नीट पोचवणं कामातच शिकावं लागलं, आणि या व्यवसायातलं खरं कसब तेच आहे असं माझं ठाम मत झालंय.

मी लॅपटॉप मिटते तेव्हा जर्मनीत दुपार कलत असते आणि ओहायोत दिवस नुकता सुरू झालेला असतो. माझं अर्धवट काम तिकडे कुणीतरी उचलतं. त्याला अडलं तर विचारायला मी जागी नसते. म्हणून दिवसाचं शेवटचं काम नोंद लिहिण्याचं. ‘डेटाचा प्रॉब्लेम आहे, बघतेय, उद्या कळवते’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कुठला डेटा? कुणाकडचा उद्या?

चांगली नोंद साधारण अशी असते: ‘मंगळवार 14 ऑक्टोबर, भारतात संध्याकाळचे 7.10. जर्मन गोदामाच्या फाइलमधला 1.250 हा आकडा आपली सिस्टीम सव्वा म्हणून वाचते आहे. तो साडेबाराशे आहे. आजच्या ओळी हाताने दुरुस्त केल्या, उद्याची फाइल मात्र तशीच चुकीची वाचली जाईल. कायमची दुरुस्ती लिहून झाली आहे, तपासलेली नाही. तपासल्याशिवाय चढवू नका. जुन्या नोंदी बदलायच्या की नाही, हे ओहायोने ठरवायचं आहे.’ काय दिसलं, काय केलं, काय राहिलं आणि आता चेंडू कुणाकडे आहे, एवढं त्यात असलं की रात्री कुणाचा फोन येत नाही.

त्या 1.250 मध्ये कुणाचाच दोष नसतो. जर्मनीत हजाराची खूण टिंबाने करतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. आपण एक लाख 1,00,000 असा लिहितो, अमेरिकन माणूस 100,000 असा. 03/04 ही तारीख आपल्याला 3 एप्रिल, त्यांना 4 मार्च. प्रत्येक जण आपापल्या शाळेत शिकला तसंच लिहितो आणि प्रत्येकाचं बरोबरच असतं. त्यामुळे महिना मी अक्षरातच लिहिते, आणि वेळ लिहिली की ती कुठल्या देशाची तेही.

लिनक्सचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगते. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या त्या कामात पुढे जगभरातले हजारो प्रोग्रॅमर आले, आणि ते सगळं मुख्यतः ईमेलवरच्या चर्चेतून वाढलं. तिथे बदल पाठवायचा तर मूळ अडचण काय होती आणि हा बदल का हवा, हे शब्दांत मांडावं लागतं. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. का बदललं ते लिहिल्याशिवाय कळत नाही.

अमळनेरला लेखणीची ही सवय जुनी आहे. प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. मुलं हाकेच्या अंतरावर, दिवसभर डोळ्यांसमोर, तरी गुरुजी त्यांच्यासाठी लिहीत. मला ते फार मोलाचं वाटतं. तोंडी सांगितलेलं ज्याच्या कानावर पडलं त्याचंच. लिहिलेलं मागे बसणाऱ्या, लाजऱ्या, त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलापर्यंतही जातं आणि त्याला ते परत वाचता येतं. प्रतापशेठजींनी 1916 मध्ये उभारलेल्या इथल्या तत्त्वज्ञान मंदिरातून तर ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघत असे. आणि आज जगभरात सॉफ्टवेअरची कामं करणारी विप्रो 1945 मध्ये याच गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, हे खानदेशात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

लिहिण्यावर माझा एवढा भर असला तरी कॉल टळत नाहीत, आणि तिथली अडचण वेगळी. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला होता. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आवाज लांबून येताना तेवढाच वेळ लाइनच खाऊन टाकते. एका दिशेने 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्यासारखा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मार्गदर्शन आहे, पण आमच्याकडे नेट डळमळलं की तो त्याच्या पुढे जातो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि समोरच्याला वाटतं ही बाई मध्येच तोडते. म्हणून मी बोलणं संपवताना पुढच्याचं नाव घेते, आणि दुसऱ्याचं संपलंसं वाटलं तरी एक श्वास थांबते. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांना हे जास्त सांगावं लागतं. ते भरभर आणि वाक्प्रचारांत बोलतात. जर्मन सहकारी आणि मी एकमेकांशी आखूड वाक्यांत बोलतो, आमचं लवकर जमतं.

पारोळा, चोपडा, धरणगावकडची मुलं-मुली आता या कामात येतात. हुशार असतात, पण कॉलवर माइक बंद करून बसतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि इथे एकदम परदेशी साहेबासमोर इंग्रजी! त्यांच्या गप्प बसण्याला पलीकडचे होकार समजतात. त्यातून मोठ्यांना नाही म्हणायचं नाही हे घरचं वळण. शुक्रवारचं काम होणार नाही हे बुधवारीच दिसत असतं, तरी ‘करतो सर’ म्हणून मोकळे होतात. मी विषय आदल्या दिवशीच लिहून पाठवते आणि त्यांचं मत लेखी मागवते. कॉलवर तेच त्यांच्या नावाने वाचून दाखवते आणि पुढचं त्यांना बोलायला लावते. अडचण बुधवारी सांगणाऱ्याचे सगळ्यांसमोर आभार मानते. दोन-तीन महिन्यांत माइक आपोआप सुरू होतात. खात्यात पगार जमा झाल्याहून मोठा आनंद मला त्याचा होतो.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथे मी भांडते. जर्मनीत घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आपलं घड्याळ बारा महिने तेच. त्यामुळे वर्षातून दोनदा काही दिवस मीटिंगच्या वेळेचा गोंधळ ठरलेला, त्याची सूचना मी आठवडाभर आधी टाकते. पण सोयीची वेळ शोधताना दरवेळी भारतातल्यांचीच रात्र घ्यायची, हे मला मान्य नव्हतं. घरी म्हातारी माणसं, शाळेची पोरं असलेल्या बायांना रात्री साडेआठचा कॉल म्हणजे जेवणाची वेळच जाते. मी तिन्ही देशांच्या वेळांचा तक्ता करून कोणाच्या वाट्याला किती रात्री येतात ते टीमसमोर मांडलं. आवाज न चढवता, नुसते आकडे. आता एक महिना कॉल रात्री साडेआठला असतो आणि पुढचा महिना दुपारी साडेचारला. तेव्हा ओहायोतली मंडळी सकाळी सातला उठून बसतात, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की सहाला.