मामंजींच्या हातातला माझा फोन

सगळे झोपल्यावर मी फोनवर एकच गोष्ट शोधत होते: लग्नाला पाच वर्षं झाली, दिवस का राहत नाहीत? परभणी, संभाजीनगर, पुणे, दिसेल त्या दवाखान्याचं पान उघडलं. प्रत्येक पानावर मजकुराच्या आड एक पट्टी यायची, 'ॲक्सेप्ट ऑल'. मी न वाचता दाबत गेले. शेवटी आठवणीने हिस्टरीतली एकेक ओळ काढली आणि निर्धास्त झोपले.

सकाळी मामंजींनी कापसाचा भाव बघायला फोन मागितला. आमच्या वालूरच्या घरात दिवसा नेटचा फोन एकच, माझा. त्यांनी बातम्यांचं पान उघडलं आणि भावाच्या वरच बाळाला छातीशी धरलेली बाई आली. 'मूल होत नाही? आजच भेटा.' खाली मी रात्री पाहिलेल्याच दवाखान्याचं नाव. मामंजींनी फोन पालथा करून उंबऱ्याजवळ ठेवला आणि काही न बोलता शेताकडे गेले. दूध उतू गेलं, तेही मला सासूबाईंनी हाक मारल्यावर कळलं.

दिवाळीला नणंद आली. ती परभणीला कॉम्प्युटर शिकते. घरात बोलता येईना, म्हणून आम्ही गावातल्या चक्राकार बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

"वहिनी, हिस्टरी गेली तरी कुकी राहते," ती म्हणाली. दवाखान्याच्या पानात जाहिरात कंपनीचा एक तुकडा बसवलेला असतो. तो आपल्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवून जातो, तीच कुकी. बातम्यांच्या पानावरही तीच कंपनी असली, की क्रमांक बघून ती आपल्याला ओळखते. हातात फोन सुनेचा की सासऱ्याचा, हे तिला कळत नाही.

1994 साली नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने कुकी काढली ती गिऱ्हाइकाने निवडलेला माल वेबसाइटच्या लक्षात राहावा म्हणून. लॉगिन, भाषा यांसाठी ती लागतेच. त्या कुकीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिऱ्हाइताच्या, म्हणजे थर्ड-पार्टी कुकीबद्दल.

नणंदेने क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' उघडून थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक केल्या. मग 'डिलीट ब्राउझिंग डेटा'मधून जुन्या पुसल्या. काही ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागलं, एवढंच. कंपनीकडे आधीच गेलेली माहिती मात्र याने परत येत नाही.

कुकीला नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही, म्हणून फ्रान्सच्या नियामकाने 2022च्या जानेवारीत गूगलला 15 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. आपल्या 2023च्या डेटा संरक्षण कायद्यातही लिहिलंय, की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. मला त्या रात्री 'रिजेक्ट' कुठे आहे ते शोधूनही सापडलं नसतं.

मामंजींनी तो विषय कधी काढला नाही. पण घरात कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे ठरवणं माझं होतं. ते माझ्याकडून गेलं.

बायांनो, एका फोनवर अख्खं घर चालत असेल, तर दवाखान्याचं काहीही शोधताना क्रोममध्ये इनकॉग्निटो टॅब उघडा, पट्टीवर नकार द्या आणि काम झालं की सगळे टॅब बंद करूनच फोन दुसऱ्याच्या हातात द्या.