जोड बाहेरून द्यावी

घरात रेडिओ वाजवावयाचा तर टपाल कचेरीत जाऊन परवाना काढावा, दरसाल फी भरून त्याचे नूतनीकरण करावे आणि तपासनीस दारात आला तर परवान्याचे पुस्तक त्याच्यापुढे ठेवावे, हा शिरस्ता आपल्या देशात १९८० च्या दशकापर्यंत चालू होता. त्याच देशात २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याच्या जाचातून मुक्त झाला. आणि आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे असा प्रत्येक मनुष्य स्वतंत्र परवाना न काढता एक लहानसे प्रक्षेपक यंत्र बाळगून हिंडतो. या दुसऱ्या राजवटीपूर्वी जे स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओचा ट्यूनर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असलेले सेट, आपल्या दिवाणखान्यांत येऊन बसले, त्यांना मोबाइलमधील संगीत बिनतारी मार्गाने कसे ऐकवावे, हा प्रश्न यवतमाळातील माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर वरचेवर येतो. त्याचे उत्तर सविस्तर मांडण्याची मुभा या लेखाच्या निमित्ताने मी घेत आहे.

आमच्या जिल्ह्यात या सेटांचे येणे बहुधा कापसाच्या हिशेबाशी बांधलेले होते. १९४८ साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर मध्यम लहरींवर नागपूर लावणारी घरे वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड या गावांतून वाढत गेली, आणि पुढे यवतमाळचे स्वतःचे आकाशवाणी केंद्रही झाले. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस शासनानेच खरेदी करण्याची पद्धत, आली. तिचा चुकारा हाती पडला, की लग्नकार्य, विहिरीचे बांधकाम आणि सावकाराचे देणे निभावून जे काही शिल्लक राही, त्यातून एखाद्या हौशी कुटुंबात फिलिप्सचा, सोनोडाइनचा किंवा कॉस्मिकचा सेट येई, आणि ज्यांचे आप्त आखातात वा अमेरिकेत असत त्यांच्याकडे पायोनियर, सान्सुई, मरान्ट्झ अशी नावे दिसत. इतक्या विचारान्ती घेतलेली वस्तू केवळ तिच्यात ब्लूटूथ नाही एवढ्या कारणास्तव भंगारात जावी, हे मला अन्यायाचे वाटते.

अन्यायाचे म्हणतो ते केवळ ममतेपोटी नव्हे. ध्वनियंत्रात दोन प्रकारचे भाग असतात. विजेच्या सूक्ष्म संदेशाला बळ देणारा अँप्लिफायर, त्याचे जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि हवा हलविणारे स्पीकर यांचे शास्त्र गेल्या अर्धशतकात मुळातून बदललेले नाही. बदलले आहे ते संगीत जेथून येते ते उगमस्थान. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रथम ऐकू आले, नंतर ते तबकड्यांवर आले, १९६३ साली जन्मलेल्या कॅसेटवर आले, १९८२ साली बाजारात अवतरलेल्या सीडीवर आले आणि आता ते मोबाइलमधून येते. परंतु या साऱ्या स्थित्यंतरांत ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत स्वर पोहोचविणारा कागदी कोन तोच राहू शकला. दीर्घायुषी भागाने अल्पायुषी भागाला आश्रय द्यावा, पण स्वतःला त्याच्याशी कायमचे बांधून घेऊ नये, हे माझ्या कामाचे सूत्र आहे.

तथापि आश्रय देणाऱ्याची प्रकृती आधी पाहावी लागते. अनेक वर्षे बंद असलेला सेट एकदम विजेवर लावणे धोक्याचे, म्हणून मी तो प्रथम सिरीज बल्बमधून चालवितो. विजेच्या वाटेत जुन्या धर्तीचा तारेचा दिवा असला, की सेटमध्ये कोठे शॉर्ट असल्यास दिवा लख्ख पेटून राहतो आणि सेट बचावतो. सर्व ठीक असल्यास दिवा क्षणभर उजळून मंद होतो. जिनिंगच्या परिसरातील सेट उघडला तर आत सरकीच्या तंतूंचा मऊ थर ट्रान्झिस्टरच्या उष्णताशोषक पट्ट्यांवर बसलेला सापडतो. तो ब्रशने काढला नाही तर उष्णतेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. फिल्टर कंडेन्सर वाळलेले असतील तर ते बदलावे, व्हॉल्यूम फिरविताना खरखर येत असेल तर कंट्रोल साफ करावा, आणि स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या टोकांवर डीसी दाब येत नाही याची मीटरने खातरजमा करावी. अमेरिकेतून आलेला सेट १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टवर त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरावाचून हात लावू नये.

प्रकृतीची खात्री पटल्यावर सेट फिरवून त्याची पाठ पाहावी, कारण सगळी गुरुकिल्ली तेथे आहे. मागे जोडीजोडीने जी गोल आरसीए सॉकेटे असतात, त्यांवर फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स अशी नावे असतात. त्यांपैकी फोनो ही जागा रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी राखीव आहे आणि ती मोबाइलच्या संगीताला सर्वथा वर्ज्य आहे. सुईकडून येणारा संदेश सुमारे अडीच ते पाच मिलिव्होल्ट इतका क्षीण असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेला असतो, म्हणून फोनोचे सर्किट तो संदेश सुमारे शंभर पटींनी वाढविते आणि १९५४ च्या सुमारास सर्वमान्य झालेल्या प्रमाणानुसार खर्ज-ताराचा समतोल परत प्रस्थापित करते. ब्लूटूथचे उपकरण, म्हणजे मोबाइलचा बिनतारी संदेश झेलून तो तारेने सेटला देणारी लहानशी डबी, मात्र दोन व्होल्टपर्यंत संदेश देऊ शकते. तो फोनोत घातला तर फाटका, घुमणारा आवाज येतो आणि मालक समजतो की सेटच निकामी आहे. ऑक्स, ट्यूनर किंवा टेप-प्ले या जागा मात्र त्यासाठी योग्य. टेपची जागा वापरताना पुढचे ‘टेप मॉनिटर’ हे बटण दाबावे लागते, आणि तेच बटण नकळत दाबलेले राहिल्यामुळे रेडिओ मुका झाला अशी कैफियत घेऊन येणारे सेट माझ्याकडे वरचेवर येतात.

फिलिप्ससारख्या युरोपीय घराण्याच्या जुन्या सेटांवर आरसीएऐवजी पाच छिद्रांचे डीन सॉकेट असते. अर्धवर्तुळात बसविलेल्या त्या छिद्रांचे क्रमांक ओळीने जात नाहीत; एका टोकापासून ते १, ४, २, ५, ३ असे आहेत. मधले २ क्रमांकाचे छिद्र अर्थिंगचे, ३ डाव्या बाजूच्या आवाजाचे आणि ५ उजव्या बाजूच्या आवाजाचे. टेपच्या सॉकेटावर १ आणि ४ ही रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणारी टोके असतात. एका निवृत्त शिक्षकांच्या सेटसाठी मी अशा सॉकेटात बसणारी कॉर्ड बनविली, तेव्हा शिकाऊ मुलाला प्रत्येक तार सोल्डर करण्यापूर्वी मीटर लावून क्रमांक उच्चारावयास सांगितले, कारण १ आणि ४ यांवर मोबाइल जोडला तर सेट धडधाकट असूनही शब्द उमटत नाही.

याहून जुना, व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर सक्त ताकीद देतो. त्या काळी एसी आणि डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणारे जे सेट निघत, त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे, आणि त्यामुळे आतील धातूची चौकट थेट घरातील विजेशी जोडलेली असे. अशा सेटच्या ‘ग्राम’, म्हणजे ग्रामोफोनच्या, सॉकेटात मोबाइलची तार घालणे म्हणजे हातात जिवंत तार घेणे होय. तेथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविल्यावाचून कोणतीही जोड देऊ नये, आणि हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

आता बिनतारी मार्ग कोणता निवडावा? ब्लूटूथचा आरंभ १९९४ साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत झाला. त्याच्या मूळ पद्धतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ उपमार्गांवर सेकंदास १६०० वेळांपर्यंत उड्या मारीत संदेश जातो, त्यामुळे गजबजलेल्या हवेतही तो बहुधा तुटत नाही. परंतु त्याची वाट अरुंद आहे: सीडीवरील संगीताला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, तर ब्लूटूथची सर्वसाधारण एसबीसी पद्धत सुमारे ३२८ किलोबिटांत ते बसविते, एलडॅकसारख्या पद्धती ९९० पर्यंत जातात, पण त्या मोबाइल आणि ग्राहक उपकरण या दोहोंत असाव्या लागतात. वायफायवर चालणारा स्ट्रीमर संगीत स्वतः इंटरनेटवरून घेतो, मोबाइल त्याला केवळ आज्ञा देतो. म्हणून मध्येच फोन आला तरी गायकाची तान तुटत नाही. घरी ब्रॉडबँड असेल आणि बैठकीत शांतपणे ऐकण्याची सवय असेल त्यांनी वायफाय घ्यावे. झरी-जामणीच्या डोंगराळ भागात ज्यांचे नेटवर्क लहरीप्रमाणे येते-जाते, त्यांनी गाणी मोबाइलमध्ये उतरवून ठेवून ब्लूटूथ वापरावे. दोन्ही प्रसंगी मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त करण्याचे काम सेटच्या व्हॉल्यूमकडे द्यावे, म्हणजे संदेश सशक्त राहतो आणि पार्श्वभूमीची सळसळ दबते.

येथे ग्राहक आणि माझ्यामध्ये नेहमीचा मतभेद उपस्थित होतो. बाजारात ब्लूटूथचे पॅनल स्वस्त मिळते. सेटचा पुढचा पत्रा कापून ते आत बसवावे, वीज सेटच्याच ट्रान्सफॉर्मरवरून घ्यावी आणि बाहेर काही लोंबकळू नये, अशी त्यांची इच्छा असते. मी ती नाकारतो, आणि त्याची कारणे तांत्रिक आहेत. धातूच्या पेटीत बंद केलेल्या अँटेनापर्यंत लहर नीट पोहोचत नाही. पॅनलमधील अंकीय सर्किटाचा किरकिराट सामायिक पुरवठ्यातून अँप्लिफायरमध्ये शिरतो आणि गाणे थांबताच स्पीकरमधून टिकटिक ऐकू येते. सेटच्या आतील उष्णता त्या नाजूक पॅनलचे आयुष्य घटविते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पॅनल गेले तरी कापलेला पत्रा परत येत नाही. गूगलने २०१५ साली आणलेले क्रोमकास्ट ऑडिओ हे नेमके जुन्या सेटांसाठी केलेले उत्तम उपकरण होते. २०१९ च्या जानेवारीत त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. चार वर्षेही बाजारात न टिकणाऱ्या जातीच्या वस्तूसाठी चाळीस वर्षे टिकलेल्या वस्तूचे अंग कापणे, हा सौदा कोणत्याही बाजूने न्याय्य नाही.

बाहेरून जोड दिल्यावर क्वचित ‘घूंऽ’ अशी गुणगुण सुरू होते, आणि तिचे मूळ पुष्कळदा आमच्या जमिनीत असते. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते, कोरडी होते, आणि घरातील निरनिराळ्या अडॅप्टरांतून झिरपणारी वीज जमिनीत न मुरता ऑडिओच्या तारेच्या जाळीतून वाट काढते. मिठाने आणि कोळशाने भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालीत राहणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. ब्लूटूथच्या उपकरणास स्वतंत्र, चांगल्या प्रतीचा पाच व्होल्टचा अडॅप्टर द्यावा. तरीही गुणगुण राहिली तर मध्ये ऑडिओचा लहान आयसोलेटर घालावा. पण गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडण्याचा जो प्रघात पडला आहे तो प्राणघातक आहे, आणि तो कोणीही पाळू नये.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे सेट खाली येतात आणि त्यांतील बरेचसे वजनावर विकले जातात. माझी विनंती अशी की, विकण्यापूर्वी सेट एकदा जाणकारास दाखवावा; कंडेन्सर, एक कॉर्ड आणि एक लहानशी डबी एवढ्यावर त्याचे पुनर्वसन पुष्कळदा होते. जोड मात्र अशी असावी की ती दोन पिना उपसून निघावी. आजचे ब्लूटूथ उद्या मागे पडेल, त्याच्या जागी काय येईल ते सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु जे येईल त्यालाही शेवटी डावा आणि उजवा असे दोन संदेश एखाद्या अँप्लिफायरच्या स्वाधीन करावे लागतील. तेव्हा आपल्या नातवंडांना सेटची पाठ अखंड आणि ऑक्सची जागा वापरण्याजोगी मिळावी, एवढी तरतूद आपण आज करून ठेवली पाहिजे.